पडवीतली फटफटी

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की सुमारे वीस किलोमीटरांवर सोनगीर लागते. गावाच्या डोक्यावर एक लहानसा डोंगरी किल्ला आहे. त्याची तटबंदी ठिकठिकाणी ढासळली आहे. पण पूर्वी ज्या वाटेवर तो पहारा करीत असे, ती वाट मात्र आजही अहोरात्र वाहत असते. या गावाची खरी ओळख किल्ल्याहून निराळी आहे. सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. एके काळी येथे पहाट उजाडे ती हातोड्यांच्या ठोक्यांनी. हंडे, घागरी, तपेली, परातींवर पडणारे ते ठोके दुरून ऐकले, म्हणजे एखाद्या देवळात झांजा वाजत आहेत असा भास होई. पुढे घरोघर पोलादाची चकचकीत भांडी आली आणि बरेचसे हातोडे मुके झाले.

अशाच एका घरी, भट्टीला लागून असलेल्या पडवीत, गोणपाटाखाली एक फटफटी उभी होती. घरातल्या मुलाला ती आठवत होती तेव्हापासून तशीच उभी होती. कोंबड्या तिच्या सीटवर बसत. पावसाळ्यात सरपण भिजू नये म्हणून ते तिच्या आधाराने रचले जाई. ती कधी चालत असेल असे त्या मुलाच्या मनातही येत नसे.

ती बुलेट होती. 350 सीसीची, 1967 साली मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यात तयार झालेली. या गाडीचे मूळ घराणे इंग्लंडातले. रेडिच नावाच्या गावी सुया आणि सायकली तयार करणाऱ्यांच्या परंपरेतून रॉयल एन्फील्ड ही कंपनी पुढे आली. 1901 साली तिने आपली पहिली मोटारसायकल केली आणि 1932 साली ‘बुलेट’ हे नाव प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी या गाडीची निवड केली. 1955 साली मद्रास मोटर्स या कंपनीशी करार होऊन ‘एन्फील्ड इंडिया’चा जन्म झाला. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत आणि येथे केवळ जोडले जात. 1962 च्या सुमारास सर्व भाग येथेच होऊ लागले. पुढे 1967 साली रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला. म्हणजे ज्या वर्षी सोनगीरची ही गाडी जन्मली, त्याच वर्षी तिचे आजोळ मिटले. इंग्लंडात विझलेली चूल मद्रासेत मात्र पेटती राहिली.

त्या घरातील वृद्ध तांबट, ज्यांना सारे घर ‘आबा’ म्हणत असे, त्यांनी ही गाडी 1974 साली जुनी म्हणून विकत घेतली होती. त्या काळी ते मागे दोन्ही अंगांना घागरी बांधून आठवड्याच्या बाजारांना जात. दोंडाईचा, शिरपूर, नरडाणा या वाटांवर तिचा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला होता. 2004 साली धंदा आटला, बाजार सुटला आणि गाडी पडवीत उभी राहिली ती राहिलीच.

2023 च्या उन्हाळ्यात एके दुपारी भंगारवाला दारात आला. त्याने गोणपाट उचलून पाहिले, टाकीवर बोटांनी टकटक केले आणि वजनाचा भाव सांगितला. मुलाच्या वडिलांना तो पटला. पडवी मोकळी होईल, चार पैसे येतील, असा त्यांचा साधा हिशेब होता. ते म्हणाले, “आबा, तुमच्या डोळ्यांना आता दिसत नाही, हाताला कंप सुटला आहे. ही गाडी कोण नीट करणार?”

आबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जवळ उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. “डोळे याचे आहेत,” ते म्हणाले, “हातही याचे आहेत. मला दसऱ्यापर्यंत मुदत दे. खंडेनवमीला आपण हातोड्याची, ऐरणीची पूजा करतो. त्या दिवशी ही बोलली, तर घरात राहील. नाही बोलली, तर तू म्हणशील तसे.”

वडील हसले, पण भंगारवाल्याला त्यांनी परत पाठवले.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत शाळा भरू लागली. तिची वेळ सकाळी सहा ते नऊ. कारण खानदेशातल्या मे महिन्यात त्यानंतर पत्रा हाताला चटके देऊ लागतो. पहिल्या दिवशी मुलगा उत्साहाने पाना घेऊन पुढे झाला. आबांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि एक कोरी वही व पेन्सिल दिली.

“आधी काढायचे नाही, आधी पाहायचे,” ते म्हणाले. “जे जसे आहे तसे काढून ठेव. ज्याला उघडताना घाई होते, त्याला जोडताना रडू येते.”

तीन दिवस मुलगा नुसती चित्रे काढीत होता. कोणती तार कोठून निघते, कोणत्या बोल्टाखाली वॉशर आहे, साखळीचे कोणते तोंड कोणीकडे आहे, हे सारे त्याने वहीत उतरवले. चौथ्या दिवशी पाने हातात आले, तेव्हा आबांनी दोन निरनिराळे जुडगे पुढे ठेवले. एक मिलिमीटरचे आणि एक इंची. ही गाडी इंग्रजी आराखड्याची, त्यामुळे तिचे बरेच बोल्ट इंची मापाचे. मिलिमीटरचा पाना त्यांना लागल्यासारखा वाटतो. पण जोर दिला, की निसटतो आणि बोल्टाचे कोपरे झिजवतो. या इंची पान्यांत आणखी एक गंमत होती. त्यांच्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नव्हता. तो पाना ज्या बोल्टासाठी केला, त्या बोल्टाच्या जाडीचा होता. मुलाने पट्टी लावून पाहिली तेव्हा त्याला मोठे नवल वाटले.

निघालेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला जाई, पुसला जाई आणि आजीने दिलेल्या जुन्या वाट्यांमध्ये ओळीने मांडला जाई. प्रत्येक वाटीत एक चिठ्ठी असे. आजी म्हणे, “माझा सारा रुखवत तुम्ही नटबोल्टांना दिला.”

मोठी अडचण आली ती इंजिनापाशी. एकोणीस वर्षे एका जागी राहिल्यामुळे आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरला चिकटून बसला होता. किक खाली जाईना. मुलाने सहज भिंतीकडे पाहिले. तेथे आबांचे लहानमोठे हातोडे टांगलेले होते. आबांना डोळ्यांनी कमी दिसत असले, तरी ती नजर त्यांना कळली.

“हातोडा कोठे मारायचा हे ज्याला ठाऊक असते,” ते म्हणाले, “त्याला तो कोठे मारायचा नाही हेही ठाऊक असते. दम धर, भाऊ.”

त्यांनी प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल आणि थोडे तेल आत सोडण्यास सांगितले. मग रोज सकाळी गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हलक्या हाताने मागे-पुढे ढकलायचे, एवढेच काम राहिले. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. चाक तसूभर हलत नव्हते. नवव्या दिवशी मुलाने सवयीने चाक ढकलले आणि ते बोटभर पुढे सरकले. तो इतक्या मोठ्याने ओरडला, की सीटच्या आशेने घुटमळणाऱ्या कोंबड्या पळत सुटल्या.

इंजिनाचे वरचे डोके उघडले, तेव्हा आबांनी नातवाला यंत्राचे रहस्य समजावून सांगितले. सिलिंडराचा व्यास 70 मिलिमीटर. त्यात दट्ट्या 90 मिलिमीटर वर-खाली धावतो. त्याच्या चार फेऱ्यांत सारा संसार होतो. पहिल्या फेरीत तो खाली येतो आणि एक झडप उघडून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसरीत दोन्ही झडपा मिटतात आणि तो वर जाऊन ते मिश्रण दाबतो. त्याच क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते आणि मिश्रण पेटून दट्ट्या जोराने खाली रेटला जातो. ही तिसरी फेरी. चौथीत दुसरी झडप उघडते आणि जळालेला धूर बाहेर पडतो.

“म्हणजे चार फेऱ्यांत कमाई एकीचीच?” मुलाने विचारले.

“हो. बाकीच्या तीन तिच्या जोरावर निभतात,” आबा म्हणाले. “घरातही असेच असते.”

कामांची वाटणी आपोआप होत गेली. बारीक पाहण्याचे काम मुलाचे, स्पर्शाचे काम आबांचे. झडपा ज्या दोन दांड्यांनी ढकलल्या जातात, त्यांची मोकळीक या गाडीत बोटांनीच जोखायची असते. इंजिन थंड असताना दांडी दोन बोटांत धरावी. ती सहज गोल फिरली पाहिजे. पण वर-खाली मुळीच हलता कामा नये. मुलाने किती वेळा प्रयत्न केला. कधी ती फार सैल होई, कधी फिरेनाशी होई. मग आबा डोळे मिटत आणि आपली कापरी बोटे त्या दांडीवर ठेवीत. नवल असे, की तेथे ती बोटे कापत नसत. “एक केस घट्ट कर,” ते सांगत. “हां. थांब.” साठ वर्षे भांड्याच्या पत्र्याची जाडी बोटांनी पारखलेल्या माणसाला दुसरे माप लागत नव्हते.

टाकीचे काम तर त्यांच्या घरच्या विद्येतलेच. तिच्यावर एके ठिकाणी पोचा आला होता आणि आतून गंज चढला होता. प्रथम आबांनी एक कडक नियम सांगितला. पेट्रोलच्या टाकीजवळ, ती रिकामी असली तरी, विस्तव आणायचा नाही. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते. कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा कोंडलेली असते व ती एका ठिणगीने फुटू शकते. म्हणून टाकी अनेक वेळा पाण्याने धुतली, उन्हात उघडी ठेवली. मग तांबे उजळण्यासाठी घरात जी चिंच वापरीत, तिचेच आंबट पाणी आणि मूठभर बारीक खडे आत घालून ती हलवली. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा काळेपणा काढते, तसेच हळूहळू लोखंडाचा गंजही सोडवते. प्रत्येक वेळी तांबडे पाणी बाहेर पडे. सातव्या दिवशी ते स्वच्छ आले. पोचा मात्र आबांनी स्वतः काढला. आतून आधार देऊन लाकडी मोगरीने त्यांनी इतके हलके ठोके दिले, की जणू ते पत्र्याची समजूत घालीत होते.

रंग दिल्यावर टाकीवर सोनेरी रेघा ओढायच्या होत्या. मद्रासच्या कारखान्यातही या रेघा कारागीर ब्रशने, हातानेच ओढीत आले. मुलाची रेघ एके ठिकाणी किंचित वाकडी गेली. त्याने पुसण्यासाठी कापड उचलले, तेव्हा आबा म्हणाले, “राहू दे. हाताने केले त्याची ती सही असते.”

असे पावसाळ्याचे महिने गेले. शाळा सुरू झाली होती. त्यामुळे आता रविवार आणि संध्याकाळ एवढाच वेळ मिळे. सप्टेंबर संपत आला आणि दसरा दिसू लागला. मुलाच्या मनात घाई शिरली.

एका रविवारी दुपारी आबा झोपले होते. इंजिनात तेल भरायचे राहिले होते. त्यापूर्वी तळाचा बोल्ट, ज्यातून जुने तेल सोडतात तो, घट्ट करायचा होता. मुलाने तो बसवला. तेल गळू नये, म्हणून तो जितका घट्ट तितका बरा, असे त्याला वाटले. त्याने पान्याला एक लांब पाइप लावला आणि सगळा जोर दिला. पान्याची दांडी जितकी लांब, तितका जोर वाढतो, हे तो विज्ञानाच्या पुस्तकात शिकला होता. पण बोल्ट पोलादाचा आहे आणि इंजिनाचा तळ मऊ ॲल्युमिनिअमचा आहे, याकडे त्याचे लक्ष गेले नाही. घट्ट होत आलेला बोल्ट एकाएकी सैल होऊन गरगर फिरू लागला. आतले आटे गेले होते.

मुलाच्या पोटात धस्स झाले. त्याने घराकडे पाहिले. सगळीकडे सामसूम होती. मग त्याने न्हाणीघरातून साबणाचा तुकडा आणला, तो मळून बोल्टाभोवती लिंपला आणि त्यावर थोडी माती चोळली. बाहेरून काहीच कळत नव्हते. आबा उठल्यावर तो म्हणाला, “तळाचा बोल्ट बसवला.” हे वाक्य खोटे नव्हते, पण ते बोलताना त्याने मान खाली घातली होती.

चार दिवस तेल गळले नाही. त्या चार दिवसांत मुलगा नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी वडील पडवीत आले. गाडीकडे ते आता वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. ते म्हणाले, “आबा, ही बोलली, तर कागदपत्रे करून घेऊ. मग मी हिच्यावरून एकदा दोंडाईच्याला जाऊन येईन. लहानपणी तुमच्या पुढे टाकीवर बसून जात होतो, तसा.”

आबा खुलले. बोलता बोलता त्यांनी तेलाचे महत्त्व सांगितले. “पेट्रोल संपले तर गाडी थांबते, एवढेच. पण चालत्या गाडीतले तेल संपले, तर दट्ट्या तापून सिलिंडरात जखडतो. मागचे चाक जागच्या जागी अडते आणि माणूस रस्त्यावर फेकला जातो.”

मुलाने वडिलांकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांपुढे तो वाहता रस्ता उभा राहिला, त्यावरचे मोठाले ट्रक उभे राहिले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे आबा अंगणात तोंड धूत होते, तेथे तो गेला आणि त्याने सारे सांगून टाकले. पाइप, आटे, साबण, माती, काहीही वगळले नाही.

आबांनी उपरण्याने तोंड पुसले. ते रागावले नाहीत, आणि ‘असू दे’ असेही म्हणाले नाहीत. त्यांनी नातवाला आत नेले आणि फळीवरचा एक तांब्याचा हंडा खाली घेण्यास सांगितले. तो हंडा घरात नेहमीच रिकामा असे. कोणी त्यात पाणी भरीत नसे. त्याच्या बुडाशी कथलाचा एक लहान डाग होता.

“तुझ्याहून थोडा मोठा होतो मी,” आबा म्हणाले. “शेवटचा ठोका जोराचा पडला आणि तांब्याला चीर गेली. वडिलांना कळू नये म्हणून मी ती कथलाने बुजवली. गिऱ्हाइकाच्या घरी लग्नात हंडा चुलीवर चढला, कथील वितळले आणि सारे पाणी विस्तवात गेले. भर मांडवात त्या माणसाची शोभा झाली. त्याने हंडा परत आणून दिला. वडिलांनी त्याचे पैसे फेडले. पण हा हंडा ना त्यांनी मोडला, ना दुरुस्त केला. फळीवर ठेवला. मी रोज पाहावा म्हणून.”

ते काही वेळ थांबले. “मोडते त्याला औषध असते, भाऊ. लपवलेल्याला नसते, कारण वैद्याला तेथे जाताच येत नाही. तू वेळेवर सांगितलेस. आता औषध शोधू.”

औषध मिळाले ते घरातच. भट्टीजवळच्या तुकड्यांत पितळेची एक जाड सळई होती. धुळ्यातल्या एका लेथवाल्याकडे इंजिनाचा तळ आणि ती सळई दोन्ही नेली. त्याने बिघडलेले भोक थोडे मोठे करून त्यात नवे आटे पाडले आणि पितळेची एक पोकळ बुश कातून तेथे बसवली. बुशीच्या आत मूळ बोल्टाच्या मापाचे आटे होते. त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवून सारे खोलावे लागले. जे काम महिन्याभरात झाले होते, ते दहा दिवसांत पुन्हा करायचे होते. यावेळी वही उपयोगी पडली. वडीलही रात्री कंदिलासारखा दिवा धरून बसू लागले. शेवटी तळाचा बोल्ट बसवण्याची वेळ आली, तेव्हा मुलाने पाना मध्यावर धरला, हात लागेल तेवढाच जोर दिला आणि तो थांबला. आबा नुसते ऐकत होते. “पुरे,” दोघे एकदमच म्हणाले.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. हातोडे, ऐरणी, चिमटे धुऊन पाटावर मांडले होते. झेंडूच्या फुलांनी परडी भरली होती. गाडी अंगणात निंबाखाली आणून उभी केली. बुलेट सुरू करणे ही नुसती लाथ मारण्याची गोष्ट नसते. दट्ट्या दाबाच्या टोकावर असताना कोणी किक मारली, तर ती उलटून पायावर बसते. म्हणून प्रथम किल्ली फिरवायची. किक हळूहळू दाबायची. अडल्यासारखे वाटले, की मुठीजवळची लहान दांडी ओढून आतला दाब सोडायचा आणि दिव्याच्या डोक्यावरच्या ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक अलगद खाली न्यायची. मग दांडी सोडून किक पुन्हा वर आणायची आणि एकच भरघोस जोर द्यायचा.

आबांच्या गुडघ्यांत तो जोर उरला नव्हता आणि मुलाच्या अंगात तो अजून आला नव्हता. वडील पुढे झाले. त्यांनी सांगितले तसे सारे केले. गाडी बोलली नाही. दुसऱ्यांदा नाही, दहाव्यांदाही नाही. त्यांच्या कपाळावरून घाम वाहू लागला. शेजारपाजारची माणसे ओट्यांवर येऊन उभी राहिली.

मुलगा मात्र गाडीकडे पाहत नव्हता. तो ॲमीटरकडे पाहत होता. “बाबा, किक हळू दाबा,” तो म्हणाला. काटा जागचा हलला नाही. त्याने हॉर्न दाबला. हॉर्न वाजला. म्हणजे बॅटरीत जीव होता. मग काटा का हलत नाही? ठिणगी पाडणारे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, तेव्हा वीज वाहते आणि काटा एका अंगाला झुकतो. ते उघडतात, तेव्हा तो मध्यावर येतो. काटा मुळी झुकतच नाही, म्हणजे वीज वाहतच नाही. पॉइंट टेकत असूनही त्यांच्यामध्ये काहीतरी आहे.

त्याने झाकण काढले आणि वाकून पाहिले. पॉइंटांच्या तोंडावर तेलकट, करडा थर होता. दोन पॉइंटांमधले अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचे असते. ते मोजण्यासाठी त्यानेच पोलादी पात्यांचे गेज तेथे घातले होते आणि पाते पुसायचे राहिले होते.

“आबा,” तो तत्काळ म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “चूक माझी आहे. गेजला तेल होते.”

आबांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले, ते गाडी सुरू झाल्यावरही इतके मोठे नव्हते.

बारीक पॉलिशकागदाने पॉइंट घासले, कोरड्या स्वच्छ कागदाने पुसले, झाकण लावले. किल्ली फिरवली. किक हळू दाबताच काटा झुकला आणि मध्यावर आला. वडिलांनी एक श्वास घेतला आणि जोर दिला. आत एक खोल धपका झाला, मग दुसरा, मग थांबून तिसरा. थोडा निळा धूर आला. आणि मग तो संथ, भारदस्त ठेका लागला, जो एकोणीस वर्षे त्या अंगणाने ऐकला नव्हता. आजी पूजेचे ताट घेऊन दारात आली आणि तेथेच उभी राहिली. समोरच्या ओट्यावरचे एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, “बाजाराचा दिवस आहे का रे आज?”

आबांनी टाकीवर तळहात ठेवला. तो कापत होता. पण आता गाडीही कापत होती, त्यामुळे कोणता कंप कोणाचा हे सांगता येत नव्हते.

पुढे वडिलांनी धुळ्याच्या परिवहन कार्यालयात चौकशी केली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये खास नियम केले आहेत. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. पण मग ते रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरायचे नसते. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणता येते. मुलाला तर ती चालवण्यासाठी अठरा वर्षांचे व्हावे लागेल. त्याला त्याचे दुःख नाही. त्याचे काम ठरलेले आहे.

दर रविवारी सकाळी तो गाडीखाली एक पांढरा कागद अंथरतो आणि त्यावर तेलाचे किती थेंब पडले ते मोजतो. साखळीचा ताण पाहतो, तारांना तेल देतो, बॅटरीतील पाण्याची पातळी पाहतो, टायरची हवा तपासतो. पॉइंट उघडण्यापूर्वी गेजचे पाते दोनदा पुसतो. मग आबांच्या शेजारी ओट्यावर बसून तो ते सारे वहीत लिहितो. आबांना आता अक्षरे दिसत नाहीत; म्हणून लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतो.

भट्टीजवळच्या फळीवर तो रिकामा हंडा अजून आहे. त्याच्या शेजारी आणखी एक वस्तू आली आहे. आटे गेलेल्या त्या भोकातून लेथवाल्याने काढलेली ॲल्युमिनिअमची मूठभर कीस एका काचेच्या बाटलीत भरून ठेवलेली आहे. ती तेथे कोणी ठेवायला सांगितली नव्हती. मुलाने ती आपणहून ठेवली.